'एक्स' कोडची अकरा मुलं: विद्यापीठात आर्थिक मदतीची नवी सिस्टीम बसवताना

पॅकेजवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. मागे सरकारी पोर्टलच्या मनस्तापावरच्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं, "अमेरिकेत असलं काही होत नसेल." होतं. माझ्याच हातून झालंय, म्हणून लिहितो.

मिडवेस्टातलं एक मोठं सरकारी विद्यापीठ. नाव विचारू नका, पगार अजून तिथूनच येतो. तिथल्या फायनान्शियल एड ऑफिसात मी फंक्शनल ॲनालिस्ट आहे. म्हणजे प्रोग्रामर मला कारकून समजतात आणि कारकून मला प्रोग्रामर. जुनी सिस्टीम मेनफ्रेमवरची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावरची, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. ती काढून नवी, ब्राउझरमध्ये चालणारी आणायची, हे माझं गेल्या चार वर्षांचं काम.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुलगा फाफ्सा नावाचा केंद्र सरकारचा अर्ज भरतो. त्यातून घरच्यांची ऐपत सांगणारा एक आकडा निघतो आणि 'आयसिर' नावाच्या नोंदीतून तो आमच्याकडे येतो. मग आम्ही मोट बांधतो: केंद्राची पेल ग्रँट (२०२४-२५ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर), राज्याची मदत, विद्यापीठाची स्कॉलरशिप, उरलेल्याला कर्ज. याला पॅकेजिंग म्हणतात, माझा आयडी त्यावरूनच. केंद्राचा पैसा वर्ग सुरू व्हायच्या दहा दिवसांपेक्षा आधी मुलाच्या खात्यावर टाकता येत नाही. फी वळती करून वर काही उरलं तर ते चौदा दिवसांत मुलाच्या हातात पडलं पाहिजे. हे उरलेले पैसे म्हणजे रिफंड. ऐकायला परतावा वाटतो, पण मुलांचं घरभाडं आणि वाणसामान त्यावरच चालतं.

आता मुद्द्याचं. जुन्या सिस्टीममध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदीच्या शेवटी एक अक्षराचा रकाना होता. कागदपत्रांत त्याचं नाव 'फिलर', म्हणजे नुसती राखून ठेवलेली जागा. जवळजवळ सगळ्यांचा रिकामा, मोजक्या मुलांच्या नोंदीत 'एक्स'. जुना डेटा नव्या सिस्टीमच्या कुठल्या रकान्यात जाणार याची एक लांबलचक एक्सेल शीट असते. त्या ओळीवर आलो तेव्हा बैठकीत विचारलं, हे काय आहे? कुणालाच माहीत नव्हतं. पाच वाजत आले होते. मी 'आवश्यक नाही' असं टाइप केलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. ती शीट अजून सर्व्हरवर आहे आणि त्या ओळीसमोर माझी आद्याक्षरं आहेत.

ऑगस्टमध्ये नवी सिस्टीम चालू झाली. ज्यांनी बँक खातं दिलं नव्हतं त्यांच्या रिफंडचे चेक पोस्टाने गेले. पत्ता कुठला घ्यायचा याचा क्रम सिस्टीमला सांगावा लागतो. आमचा क्रम होता आधी कायमचा पत्ता, तो नसेल तर हॉस्टेलचा.

चौथ्या दिवशी काउंटरवर एक मुलगी आली. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाली, "माझा चेक घरी गेला. जाणार नाही असं तुम्ही सांगितलं होतं." मला वाटलं चेक हवाय, म्हणून दुसरा काढून देतो म्हटलं. ती म्हणाली, चेकचं काही नाही. पाकिटावर विद्यापीठाचा पत्ता होता, आणि ती कुठे शिकते हे घरी माहीत नव्हतं.

घरातून निघून आलेल्या किंवा घरच्यांपासून जीव वाचवून आलेल्या मुलांना आईवडिलांचं उत्पन्न न लावता स्वतंत्र धरायचा अधिकार इथे एड ऑफिसला असतो. त्याला डिपेंडन्सी ओव्हरराइड म्हणतात. तिच्या फायलीत तो होता आणि तिच्या जुन्या नोंदीत 'एक्स' होता. घरचा पत्ता तिने कधी दिलाच नव्हता, तो शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवरून आपोआप चढलेला.

आमच्याकडून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, तीसेक वर्षं त्याच खिडकीवर काढलेल्या. त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अरे, तो माझा एक्स! घरी काही पाठवायचं नाही. एका प्रोग्रामरकडे हट्ट करून मागून घेतला होता." हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. चेक छापले की त्या स्वतः एक्सवाली पाकिटं बाजूला काढत आणि मुलांना बोलावून हातात देत.

एकूण अकरा मुलं होती. चार पाकिटं टपालखोलीत सापडली. सात गेली होती.

बाकी तांत्रिक तपशील विचाराल तसे देतो. इथे कुणी अशी कामं केली असतील तर त्यांचेही अनुभव वाचायला आवडतील.

कोबोलकाका

लेख आवडला म्हणवत नाही, पण लिहिलंत हे बरं केलंत.

तीस वर्षं मेनफ्रेमवर घालवलेला माणूस म्हणून सांगतो. फिलर कधीच रिकामा नसतो. नवा रकाना मागायला गेलं की सहा महिन्यांची मंजुरी लागायची, म्हणून आम्ही लोक फिलरमधलं एखादं अक्षर उचलायचो आणि वापरायचो. "पुढच्या वर्षी नीट करू." पुढचं वर्ष कधी आलं नाही. तुमच्या बाईंना तो एक्स देणारा माझ्यासारखाच कुणीतरी असणार.

दोन प्रश्न. पॅरलल रन, म्हणजे जुनी-नवी सिस्टीम शेजारी शेजारी चालवून बघणं, केलं नव्हतं का? आणि नव्या फाफ्सामध्ये तो ऐपतीचा आकडा उणे येऊ लागला असं ऐकलं होतं. जुन्या प्रोग्रामांत तर चिन्हाला जागाच नसणार.

पॅकेजवाला

काका, पॅरलल रन दोन महिने केला. तोच विद्यार्थी जुन्या सिस्टीममध्ये आणि नव्यात चालवायचा आणि रक्कम ताडून बघायची. शेवटच्या आठवड्यात सेंटसुद्धा इकडचा तिकडे नव्हता, आम्ही केक कापला. रक्कम ताडली. पाकीट कुठे जातं ते कुणी ताडलं नाही.

उणे आकड्याचं खरं आहे. ऐपतीचा आधीचा आकडा, ईएफसी, शून्याच्या खाली जात नसे. त्याच्या जागी आलेला एसएआय उणे १,५०० पर्यंत जातो. आमची मूळ सिस्टीम तयार होती, पण विद्यापीठाच्या स्वतःच्या स्कॉलरशिपचा एक जुना प्रोग्राम बाजूला चालू होता, तो उणेचं चिन्ह गाळून टाकायचा. म्हणजे सगळ्यात गरीब मुलगा त्याच्या लेखी १,५०० डॉलरची ऐपत असलेला. हे मात्र चाचणीत सापडलं. सापडवणारी आमची इंटर्न होती, आम्ही नाही.

मृण्मयी_न्यूजर्सी

त्या वर्षीचा फाफ्सा! लेकीचं बारावीचं वर्ष नेमकं तेच.

बाकीच्यांसाठी सांगते. अर्ज सोपा करायचा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला. नेहमी १ ऑक्टोबरला उघडणारा अर्ज त्या वर्षी २०२३ च्या डिसेंबरअखेर उघडला, तोही दिवसातून थोडा थोडा वेळ. त्यात महागाईप्रमाणे बदलायचे तक्ते बदललेच नव्हते. ते दुरुस्त करणं म्हणजे मुलांना १.८ अब्ज डॉलर जास्तीची मदत. कॉलेजांकडे नोंदी जायला मार्च उजाडला. नंतर इथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी अहवालात सांगितलं की पहिल्या पाच महिन्यांत मदत केंद्रावर आलेल्या ५४ लाख फोनांपैकी ४० लाख उचललेच गेले नाहीत.

आपल्या लोकांना त्यात वेगळीच धाकधूक होती. आईवडिलांपैकी कुणाला सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर त्यांचा भाग पुढेच जात नव्हता. मी तेव्हा एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, नंबर नाही. तीन रात्री झोप नाही. मग कळलं की नवराबायकोचं टॅक्स रिटर्न एकत्र भरलेलं असेल तर एकाचीच सही पुरते. नवऱ्याचा नंबर होता, सुटलो. शेजारच्या मेक्सिकन बाईंच्या घरात दोघांनाही नव्हता. त्यांचा मुलगा मेपर्यंत लटकला होता.

पॅकेजवाला

मृण्मयीताई, त्याच नोंदींची आम्ही इकडे ऑक्टोबरपासून वाट बघत होतो. नव्या सिस्टीमचं पहिलंच वर्ष आणि खऱ्या फाइली मार्चमध्ये. पाच महिन्यांची चाचणी पाच आठवड्यांत उरकली. त्या एक्सेलच्या ओळीवर पाच वाजता जी घाई झाली ती त्यातलीच. ही सबब नाही, पण होतं ते असं.

साधाप्रश्न

वाचतोय. एक शंका. चार वर्षं, एवढी माणसं, एवढा पैसा. नेमकं करायचं काय असतं? मुलाचं नाव, रक्कम, बँक. आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर भाच्याने तीन महिन्यांत लिहिलं, व्यवस्थित चालतं. उगाच बाऊ करता का तुम्ही आयटीवाले?

पॅकेजवाला

भाच्याला माझा नमस्कार. त्याला हे गणित द्या.

मुलगा सत्राच्या मध्येच कॉलेज सोडून गेला. केंद्राचा नियम असा की जितके दिवस शिकला तितक्याच प्रमाणात मदत त्याने 'कमावली'. सत्राचे ६० टक्के दिवस ओलांडले की पूर्ण कमावली. न कमावलेल्यातला आपला वाटा कॉलेजने ४५ दिवसांत सरकारला परत करायचा. सोपं आहे ना?

आता दिवस मोजा. सत्र ११० दिवसांचं. सलग पाच किंवा जास्त दिवसांची सुट्टी मोजणीतून वगळायची. स्प्रिंग ब्रेक सोमवार ते शुक्रवार. आमच्या माणसाने पाच दिवस वगळले, उरले १०५. पण सुट्टीला चिकटलेले अलीकडचे पलीकडचे शनिवार-रविवारही सुट्टीतच येतात, म्हणजे नऊ दिवस, उरले १०१. मुलगा ब्रेकच्या आधी, चाळिसाव्या दिवशी गेला. १०५ धरले तर ३८.१ टक्के, १०१ धरले तर ३९.६ टक्के. ३,००० डॉलरच्या पेल ग्रँटवर फरक ४५ डॉलर. एका मुलाचे ४५. सोडून जाणारे दर सत्रात शेकड्यांनी असतात, आणि ऑडिटवाल्यांना एकाच्या फायलीत चूक सापडली की ते सगळ्यांच्या फायली मागतात.

हा एक नियम. असे किती आहेत ते मोजायचा नाद मी सोडलाय. मुलाची शैक्षणिक प्रगती पुरेशी आहे की नाही हे बघायच्या नियमाचं लघुरूप 'सॅप' आहे. नवीन आलेला एक प्रोग्रामर आठवडाभर सॅप नावाच्याच जर्मन सॉफ्टवेअरची मॅन्युअलं वाचत बसला होता.

साधाप्रश्न

ठीक आहे, शब्द मागे. तरी भाचा हुशार आहे.

खिडकी_क्र_३

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. एका ग्रामीण भागातल्या सीनियर कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे आहे, चौदा वर्षं झाली. आधी कागदी अर्ज होते, आता सगळं ऑनलाइन. मुलगा अर्ज भरतो, मग तो माझ्या क्लार्क लॉगिनला येतो, तिथून प्राचार्यांच्या, तिथून खात्याच्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, मागच्या वर्षीची मार्कशीट. काही कमी असेल तर मी 'सेंड बॅक' करते. मुलांना वाटतं मॅडमनी रिजेक्ट केलं. रडत येतात.

दादा, तुमचं पाकिटाचं वाचून हातातला चहा तसाच राहिला. आमच्याकडे पाकीट नाही, पण पैसा भलत्या दारी जातो हे अगदी तसंच. मुलगा अर्जात राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक लावतो. मी ते डोळ्यांनी तपासून पुढे पाठवते. पैसे येतात दुसऱ्याच बँकेत. मुलगा म्हणतो, मॅडम, आलेच नाहीत. पोर्टल म्हणतं, दिले. मी मध्ये.

निवृत्त_रोखपाल

खिडकीताई, यात पोर्टलचा दोष नाही. आधारवरून पैसे टाकताना पासबुकावरचा खाते क्रमांक कुणी बघतच नाही. बँकाबँकांतली देवघेव सांभाळणारी एनपीसीआय नावाची संस्था आहे, तिच्याकडे एक नोंदवही असते, मॅपर म्हणतात तिला. एका आधारसमोर एकच बँक. आणि शेवटी जी जोडली ती. मुलगा महाविद्यालयात येताना एक खातं काढतो. मग कधीतरी मोबाइलच्या दुकानात सिमकार्डबरोबर "अंगठा ठेव, खातं फुकट" म्हणून दुसरं उघडतं. अंगठा ठेवला, संमती दिली गेली, मॅपरवर नवी बँक चढली. शिष्यवृत्ती तिकडे. आमच्या शाखेत रोज एकदोन तरी यायचे, "साहेब, माझं खातं आधारला जोडलंय ना?" जोडलेलं असायचंच. पण खात्याला आधार जोडणं वेगळं आणि पैसे यायला मॅपरवर असणं वेगळं. हे समजावण्यात माझी नोकरीची शेवटची वर्षं गेली.

हॉस्टेल_ब्लॉक_सी

काकांचं बरोबर आहे. माझ्या रूममेटचं सेम झालं. दोन हप्ते त्या दुकानवाल्या खात्यात पडून होते आणि त्याला खातं आहे हेच आठवत नव्हतं. तोवर मेसवाल्याने ताट बंद केलतं. आम्ही चौघं आळीपाळीने आमच्या डब्यातलं द्यायचो.

आणि अजून एक. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा आता मुलाच्या खात्यावर थेट येतो आणि त्यातून त्याने कॉलेजची फी भरायची. कागदावर चांगलंय. पण घरात कुणी आजारी असताना खात्यात एकदम एवढे पैसे दिसले तर? कॉलेज म्हणतं फी दे नाहीतर हॉल तिकीट नाही. बाप म्हणतो थांब थोडं, कापूस विकला की देऊ. मुलगा कुणाचं ऐकणार?

कोबोलकाका

ब्लॉक सी, हे सॉफ्टवेअरने सुटत नाही रे बाबा.

हॉस्टेल_ब्लॉक_सी

माहितीये काका. म्हणूनच सांगितलं.

मृण्मयी_न्यूजर्सी

पॅकेजवाला, त्या मुलीचं पुढे काय झालं? राहवलं नाही म्हणून विचारतेय.

पॅकेजवाला

जास्त सांगता येणार नाही. विद्यार्थ्याची माहिती बाहेर देऊ नये असा १९७४ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं. ती शिकतेय एवढं सांगतो. हॉस्टेलची खोली बदलून दिली.

आमच्या बाजूचं सांगतो. तो एक्स आता नव्या सिस्टीममध्ये रीतसर रकाना आहे, नाव आहे, मदत-मजकूर आहे, कोण बदलू शकतं याची परवानगी आहे. त्या निवृत्त बाईंना दोन दिवस मानधन देऊन बोलावलं. एका खोलीत बसवलं, जुना पडदा लावला आणि म्हटलं, रोज सकाळी काय करायचात ते करून दाखवा. दोन दिवसांत एकवीस गोष्टी निघाल्या. एकही लिहिलेली नव्हती. एक नमुना: लष्करातल्या मुलांचे कागद उशिरा आले तरी बाई त्यावर आधीच्या तारखेचा शिक्का मारायच्या. ते आम्ही नव्या सिस्टीममध्ये आणलं नाही. कायद्यात बसत नव्हतं. बाई रागावल्या.

प्रकल्पाच्या सुरुवातीला कन्सल्टंटांनी तीन आठवडे 'रिक्वायरमेंट वर्कशॉप' घेतली होती. बाई तेव्हा अजून नोकरीत होत्या. त्यांना बोलावलं नाही, कारण काउंटर सांभाळायला कुणी नव्हतं.

साधाप्रश्न

हे मात्र पतसंस्थेतही झालंय. मागे बसणाऱ्या काकूंना न विचारता सगळं केलं आणि पहिल्याच महिन्यात वारसांची नावं गायब.

खिडकी_क्र_३

दादा, एक विचारू? तुमची ती पद्धत, म्हणजे सकाळी काय करता ते करून दाखवा. मी पण पुढच्या जूनला सुटणार. माझ्या जागी येणाऱ्या पोराला मी काय दाखवू असा विचार करत होते. माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. त्यात कुणाचा दाखला कुठल्या तहसीलला अडकतो, कुठली मुलगी लग्न ठरलंय म्हणून कॉलेज सोडणार आहे, कुणाच्या फोनला रेंज नसते, सगळं आहे. पोर्टलमध्ये यातलं काहीच भरायला जागा नाही.

पॅकेजवाला

ताई, विचारता काय! वही त्याला वाचायला देऊ नका, नुसती वाचून कळत नाही. एक अर्ज पूर्ण त्याच्या हातून करून घ्या आणि तुम्ही शेजारी बसा. तुमचा हात जिथे आपोआप वहीकडे जाईल तिथे थांबा आणि त्याला विचारायला लावा, मॅडम, वही का उघडली?

आणि माझ्याकडून एक. पैसा किंवा निरोप कुठल्या दारी जातो, आणि दार कोण उघडतं, याचा एक रकाना वहीत आहे का बघा.

निवृत्त_रोखपाल

दाराचं निघालंय तर ओटीपीचंही बघा ताई. आधारला जोडलेला मोबाइल पुष्कळदा मुलीचा नसतो. अर्ज भरताना पावलोपावली ओटीपी. तो ज्याच्या फोनवर येतो त्याला सगळं कळतं.

खिडकी_क्र_३

काका, दादा, आज वहीत पेन्सिलीने नवा रकाना आखला: ओटीपी कुणाच्या फोनवर येतो. दुसऱ्या वर्षाच्या मुली अर्ज दुरुस्तीला आल्या होत्या, त्यांना विचारत गेले. नऊ जणींनी 'माझ्या' सांगितलं. चौघींनी वडील, दोघींनी भाऊ, एकीने दाजी.

एक काहीच बोलली नाही. मागे बाकीच्या उभ्या होत्या म्हणून मीही ताणलं नाही. रकाना कोरा ठेवलाय. उद्या डबा खायच्या सुट्टीत तिला एकटीला बोलावलंय.